जळगावात पहिला फिश टँक लावायचाय, लेकीला बेडूकही हवाय. सल्ला द्या

मेहरूणकर
नमस्कार मंडळी. आम्ही जळगावात मेहरूण तलावाजवळ राहतो. लेक पाचवीत आहे. गेल्या पावसाळ्यात प्लॉटमधल्या डबक्यात तिने बेडकाची पिल्लं पाहिली, रोज शाळेतून आल्यावर जाऊन बसायची. पाय कधी फुटले, शेपूट कधी गेली, सगळं वहीत लिहून ठेवलंय. आता घरात मासे हवेत आणि एका काचेच्या पेटीत बेडूक हवा, असा हट्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गोल भांडं आणि दोन गोल्डफिश आणले होते. नवव्या दिवशी दोन्ही गेले. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. त्यामुळे या वेळी नीट माहिती घेऊनच आणायचं ठरवलंय.

घरी नळाला दिवसाआड पाणी, ते टाकीत साठतं. शिवाय बोअर आहे. हॉल पश्चिमेला, दुपारी चांगलाच तापतो. बजेट चार-पाच हजार. टँक किती मोठा, कोणते मासे, आणि बेडकाचं काय करू?

तापीकाठचा
ताई, भुसावळहून लिहितोय. एकोणीस वर्षं मासे पाळतोय, त्यातली बरीचशी रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हॉलमधल्या टँकचं पाणी ३५-३६ पर्यंत चढलेलं मी थर्मामीटर लावून पाहिलंय. म्हणून आधी जागा ठरवा, मासे नंतर. पश्चिमेची भिंत नको. घरातली सगळ्यात गार खोली कोणती, जिथे दुपारी तुम्ही स्वतः आडवं होता, तिथे टँक ठेवा.

गोल भांड्याचा विचार सोडा. त्यात पाणी जेमतेम सात-आठ लिटर, ते तासाभरात तापतं आणि तेवढ्याच लवकर घाण होतं. दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच असा टँक घ्या, काठोकाठ ५६ लिटर बसतं, आपण ५० भरायचं. नुसत्या पाण्याचंच वजन ५० किलो, त्यामुळे टीपॉयवर नको. पक्का ओटा किंवा लोखंडी स्टँड, आणि खाली थर्मोकोलची शीट.

तुमचे गोल्डफिश का गेले ते सांगतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो खाणारे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशाला विषारी, नायट्रेट मात्र थोडं असलं तर चालतं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात उन्हाळा. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ ला ७ च्याही खाली. पाण्याचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ८ असेल तर त्याच तापमानवाढीत अमोनियाचा विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे श्वास अपुरा आणि विष जास्त, दोन्ही एकाच वेळी. आमचे वडील म्हणायचे, 'उन्हायामा पानी बी तापस.' तुमच्या हातून काही निष्काळजीपणा झाला असं मनात ठेवू नका. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

केळीपट्टा
मी चोपड्याचा. पाण्याचं मी सांगतो, कारण त्यात मी खूप मासे घालवलेत.

आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, दोन-तीनशे रुपयांत येतो. आमच्या बोअरचं पाणी ९०० दाखवतं, बादलीला पांढरा थर बसतो. मी हौसेने निऑन टेट्रा आणले होते. ते मऊ, किंचित आम्ल पाण्यातले मासे, आमच्या पाण्यात टिकलेच नाहीत. मग गप्पी आणि मॉली आणले, ते मात्र घरचे झाले. जड पाणी त्यांना मानवतं. दुकानात काय छान दिसतं ते नंतर बघा, आधी तुमच्या बादलीत काय आहे ते बघा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, गावाकडे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात तेव्हा वासच येतो. ते पाणी उघड्या टबात चोवीस तास ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर आणखी चांगलं. घाई असेल तर दुकानातलं अँटीक्लोरीन, बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

अजून एक. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी आटतं फार. आटतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. आपण वरून पुन्हा बोअरचं ओतलं की महिन्याभरात टँक खारट होत जातो. आटलेलं भरून काढायला आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी चुकूनही नको.

नवीन_सभासद_धुळे
एवढं सगळं करायची गरज आहे का? माझ्या मामाकडे बाऊलमध्ये फायटर मासा चार वर्षं होता. पाणी बदललं की झालं.

तापीकाठचा
भाऊ, फायटरला कल्ल्यांशिवाय आणखी एक अवयव असतो, तो वर येऊन हवा घेतो. म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगतो. पण अमोनियाने त्याचेही पंख झडतात. मामांनी पाणी वेळेवर बदललं म्हणून तो जगला, त्याचं श्रेय त्यांनाच. गोल्डफिशकडे हा अवयव नाही, त्याची वाढ मोठी आणि घाणही जास्त. ५० लिटरच्या टँकमध्येही मी गोल्डफिश ठेवायला सांगणार नाही.

मेहरूणकर
खूप आभार. बोअर मोजलं, ७८०. नळाचं २६०. मग गप्पीच घेते. चार-सहा आठवडे टँक रिकामा ठेवायचा का? आणि लाइट गेल्यावर?

तापीकाठचा
हो, मासे न सोडता चालवायचा. स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया होऊ द्या. ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याचा वापरलेला स्पंज मागून आणा, ओला ठेवूनच. दिवस निम्म्यावर येतात. थेंबांचं टेस्ट किट घेऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग सहा गप्पी. एक नर, दोन माद्या असं प्रमाण ठेवा, नाहीतर नर माद्यांना दमवतात. पिल्लं भराभर होतात, ती कोणाला द्यायची ते आत्ताच ठरवा.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरू शकतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर आठवड्याला पाव पाणी बदला. ते बारा-तेरा लिटर कुंड्यांना घाला, झाडं खूष होतात. आपल्याकडे पाणी फेकवतही नाही.

लाइटचं म्हणाल तर एअर पंप फार तर चार-पाच वॉट खातो, इन्व्हर्टरवर दिवसभर चालेल. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंप आणि पॉवर बँक.

गारव्यासाठी बर्फ टाकू नका, झटक्यात तापमान उतरलं की मासे आजारी पडतात. टँकच्या तोंडावर तिरका छोटा पंखा लावा. खान्देशातली हवा उन्हाळ्यात कोरडी, कूलर जसा काम करतो तसंच हेही करतं. माझ्याकडे तीन अंश सहज उतरतात. मुंबईकडच्या मंडळींना याचा एवढा उपयोग होत नाही, आपल्याला होतो.

केळीपट्टा
वनस्पतींत वॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट घ्या, जड पाण्यात तगतात. नदीतून शेवाळ किंवा हायड्रिला उचलून आणलं तर आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग धुवा. नाहीतर जळवा येतात.

पांझरा_शाळामास्तर
ताई, बेडकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी धुळ्यात विज्ञान शिकवतो आणि तुमच्या लेकीची ती वही मला फार आवडली.

डबक्यातला बेडूक पेटीत आणू नका. एक तर रानातले प्राणी पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकू शकतं. दुसरं, बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच घेतो. क्लोरीन, साबणाचा हात, फिनाइलने पुसलेली फरशी, सगळं थेट त्याच्या अंगात जातं. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडचे कितीतरी बेडूक आणि भेक (टोड) उन्हाळा मातीत, बिळात, ओल्या सावलीत पडून काढतात आणि पाऊस पडला की बाहेर येतात. काचेच्या पेटीत त्याला ते करता येत नाही, तो नुसता काचेवर नाक घासत राहतो. खायलाही त्याला हलता, जिवंत किडा लागतो.

दुकानात अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा, बेडकासारखाच उभयचर प्राणी दाखवतील. तो मूळचा मेक्सिकोतल्या झोचिमिल्को तळ्याचा, त्याला १६ ते १८ अंशाचं पाणी हवं. जळगावात चिलर चोवीस तास चालवावा लागेल, आणि एका दुपारी लाइट गेली की संपलं. शिवाय तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या साइट्स यादीत आहे. असे परदेशी प्राणी बाळगायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पांढरा आफ्रिकन बेडूकही मिळतो. तोही गार पाण्यातला, आणि बाहेर सुटला तर इथल्या बेडकांना रोग देऊ शकतो.

त्यापेक्षा अंगणात सावलीला एक रुंद, उथळ प्लॅस्टिकचा टब निम्मा जमिनीत पुरा. एका बाजूला दगडांचा उतार करा, म्हणजे आत पडलेलं काहीही बाहेर येऊ शकेल आणि पाय फुटलेल्या पिल्लांना जमीन मिळेल. दोन पाणवनस्पती, भोवती गवत. औषध फवारायचं नाही. बेडूक विकत आणायची गरज पडत नाही, ते स्वतः येतात.

मेहरूणकर
सर, डासांचं काय? शेजारी डेंग्यूला घाबरून आहेत. टबातही गप्पी सोडू का? हिवताप विभागाचे लोक हौदात सोडतात ना.

पांझरा_शाळामास्तर
बंद हौदात गप्पी ठीक. पण या टबात नको, ते बेडकाची अंडी आणि बारकी पिल्लं खातात. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. लेकीला चहाची जुनी गाळणी द्या. दर तीन-चार दिवसांनी टबातल्या अळ्या गाळून घरातल्या गप्पींना टाकायच्या. त्यांना यापेक्षा चांगला खाऊ नाही.

आणि गप्पी जास्त झाले तर मेहरूण तलावात सोडू नका. लोकांनी टँकमधून सोडून दिलेले सकर मासे आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतात.

मेहरूणकर
मंडळी, जुलै उजाडला, कळवायचं राहिलं होतं. मार्चअखेर टँक लावला, शेजारच्या काकांच्या टँकचा जुना स्पंज मिळाला, तरी लेकीने पाच आठवडे रोज किटचे रंग वहीत लिहिले. मे महिन्यात पाणी सगळ्यात जास्त ३२ वर गेलं, पंखा होता. सहाच्या सहा गप्पी आहेत, वर पिल्लं एकोणीस. बारा काकांकडे चालली आहेत.

टब अंगणात रामफळाच्या झाडाखाली पुरला. मोठा पाऊस झाला त्याच रात्री आवाज सुरू झाला. आता एक शंका. टबाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर चार बोटं, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलाय. सासूबाई म्हणतात धुऊन टाका. धुऊ का?

पांझरा_शाळामास्तर
ताई, हात लावू नका! ती झाडबेडकाची अंडी असणार, मादी फेस घुसळून त्यात घालते. वरून फेस वाळल्यासारखा दिसेल, आत ओल असते. काही दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात पडतील. तेवढे दिवस पाण्याची पातळी उतरू देऊ नका, भर घालायची ती क्लोरीन उडालेल्या पाण्याची. सासूबाईंना लेकीलाच समजावून सांगू द्या. आणि तिला म्हणावं, फेस कोणत्या तारखेला दिसला ते आजच वहीत लिही.