इंग्लिश येतं, पण गप्पा मारताना पेपर सोडवल्यासारखं होतं

मांद्रेचो_पोरगो:
मी गोव्यातल्या पेडण्याचा, मांद्र्याला एका छोट्या गेस्टहाऊसच्या रिसेप्शनला असतो. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश मिडियम, आपल्याकडे बहुतेकांचं असतं तसंच. म्हणजे ग्रामर वगैरे ठीक आहे, ईमेल लिहितो, कस्टमर केअरशी भांडतो पण. पण गेस्ट निवांत गप्पा मारायला आला की माझं "येस, आय हॅव ईटन माय ब्रेकफास्ट" सुरू, मग तो हसतो आणि विषय संपला. सिरीज बघून "ब्रो", "गॉना" घुसवून बघितलं तर बाजूच्या शॅकवरची (बीचवरच्या हॉटेलातली) पोरं चिडवतात. ॲक्सेंट शिकू का? क्लास लावू? ऑक्टोबरला सीझन सुरू होईल त्याआधी काहीतरी जमायला हवं.

स्विंडन_रिटर्न:
क्लास नको रे बाबा. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला होतो, तिथे गोंयकार एवढे की कोंकणीवरच दिवस निघतो, पण कामावर गोरे असायचे त्यांचं ऐकून एक कळलं, ही माणसं गप्पांत पूर्ण वाक्य बोलतच नाहीत. कोणी म्हणालं "वुई वेंट टू ओल्ड गोवा टुडे" की तू लगेच बॉम जीझस चर्चचा इतिहास सांगायला लागू नको, नुसतं "ओह, डिड यू? हाऊ वॉज इट?" एवढं म्हण, बाकी तोच बोलतो. "डिड यू", "आर दे", "इज इट" हे असं समोरच्याचं वाक्य परत त्याच्याकडे टाकायचं, निम्म्या गप्पा यावरच चालतात. आणि ब्रिटिश माणूस "यू ऑलराइट?" म्हणाला तर तब्येत सांगत बसू नको, "येह, यू?" म्हणायचं आणि पुढे.
दुसरं म्हणजे मागायची पद्धत. आपण "द्या" म्हटलं की मान त्यातच आला, इंग्लिशमध्ये "गिव्ह मी युवर पासपोर्ट" ला प्लीज लावलं तरी पोलिसासारखंच वाटतं. तुम्हाला परदेशी गेस्टची माहिती २४ तासांत सरकारला कळवायची असते हे त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो आत्ता विमानातून उतरून आलाय. "कॅन आय जस्ट ग्रॅब युवर पासपोर्ट फॉर अ सेकंड?" म्हण, प्रश्न केला की हुकूम राहत नाही.

फोंड्याची_टीचर:
वरचं पटलं. मी भर घालते ती लयीची. ॲक्सेंटच्या मागे अजिबात लागू नकोस, पण आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो तसंच इंग्लिशमध्ये देतो आणि तिथे गोंधळ होतो. ते लोक महत्त्वाचा शब्द दाबतात आणि बारके शब्द गिळतात. "वुई कॅन अरेंज अ टॅक्सी" मध्ये आपण "कॅन" ठासून म्हणतो, तर बऱ्याचदा त्यांना "कान्ट" ऐकू येतं, म्हणजे टॅक्सी आहे आणि गेस्ट समजतो नाही!! तिथे "कन्" एवढंच, हलकं, आणि जोर "अरेंज" आणि "टॅक्सी" वर. नकार असेल तेव्हाच तो शब्द ठासायचा.
सराव म्हणशील तर बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश फुकट आहे, त्यातलं एक मिनिट घे, ऐकता ऐकता त्यांच्या मागोमाग बोल, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकायला कसंतरीच होतं, सगळ्यांनाच होतं. रोज तोच तुकडा चालेल, नवीन नवीन शोधत बसू नकोस.

शॅकवालो_मोरजी:
नॅचरल म्हणजे लंडनसारखं असं कोणी सांगितलं? म्हापशाच्या बाजारात "यू केम येस्टर्डे, नो?", "कम, मेन" असंच चालतं, आणि ते बनावट "डूड" पेक्षा शंभर पटीने बरं. गेस्ट गोव्याला आलाय तर गोव्याचं इंग्लिश ऐकू दे की त्याला.

मांद्रेचो_पोरगो:
मस्त, "डिड यू" आजच ट्राय केलं, बाई अर्धा तास बोलत होती 😄 पण आमच्याकडे रशियन पण भरपूर येतात, त्यांच्याशी पण हेच करू?

शॅकवालो_मोरजी:
नाय रे! त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं इंग्लिश तुझ्यासारखंच शिकलेलं, तू शब्द गिळलेस तर ते अडकतील. "ग्रॅब" बिब नको, "पासपोर्ट प्लीज" आणि हसायचं. तिथे सावकाश, सुटे सुटे शब्द, आकडा असेल तर कॅल्क्युलेटरवर दाखव. तुझं पेपरवालं इंग्लिश तिथे एकदम फिट.

फोंड्याची_टीचर:
हे बरोबर बोललात. फक्त सावकाश म्हणजे मोठ्याने नव्हे, शॅकवर तेच ऐकू येतं 😄