पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे, अर्ज कुठे अडतो ते समजेना – मदत हवी आहे

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार. मला लक्ष्यभेदाच्या सरावासाठी आयुष्यातील पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे. ती लष्करी धाटणीची, म्हणजे साधारण एआर-15 सारखी असावी, अशी इच्छा आहे. पैशांची तजवीज झालेली आहे. अर्ज घेऊन मी दोनदा कचेरीत जाऊन आलो. दुसऱ्या वेळी खिडकीवरील गृहस्थांनी शस्त्राच्या प्रकारापुढे मी लिहिलेल्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला, ‘हे होत नसते’ एवढेच म्हणाले आणि कागद परत सरकवला. नेमके कोणते कागदपत्र कमी पडले, हे जाणकारांनी सांगावे. ‘बंदूक हवीच कशाला’ हा प्रश्न कृपया विचारू नये. तो घरात रोज विचारला जातो.

गोदातीर (नांदेड)
आपण वय लिहिलेले नाही, बोअर लिहिलेला नाही, आधीचा परवाना आहे की नाही हे लिहिलेले नाही आणि सराव कोणत्या रेंजवर करणार हेही लिहिलेले नाही. एवढे गाळल्यावर कागद कोणता कमी पडला, हे ज्योतिषीच सांगू शकेल.

मांजराकाठ (लातूर)
वय 34. बोअर, म्हणजे नळीच्या आतील माप, 5.56 मिलिमीटर. माझ्या नावे परवाना नाही. असता तर हा धागा काढला नसता. रेंजचा रायफल घेण्याशी काय संबंध, ते कळले नाही. आधी वस्तू हातात येऊ द्या, जागा पाहता येईल.

निवृत्त राखीव (हिंगोली)
मी राज्य राखीव पोलीस दलात 28 वर्षे काढली असून एसएलआरवर, म्हणजे सेल्फ-लोडिंग (सेमी-ऑटोमॅटिक) रायफलवर, माझी शेकडो वेळा चांदमारी झालेली आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. ही 7.62 ची रायफल काडतुसातील वायूच्या दाबावर पुढचे काडतूस आपोआप भरून घेते, त्यामुळे नवख्याला वाटते की सगळे काम रायफलच करते. माझ्या पहिल्या चांदमारीला मी दस्ता खांद्यात घट्ट रोवला नव्हता. पाच गोळ्यांपैकी एक कागदाला लागली, चार मागच्या मातीच्या बांधात गेल्या आणि खांद्यावरचा निळा डाग आठवडाभर टिकला. आमचे उस्ताद म्हणत, गोळी सुटल्यावर माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) जिथे परत येते, तिथे तुमचा खरा नेम आहे. शिकायचेच असेल तर एकेक गोळी हाताने भरावी लागणाऱ्या .22 वर शिका.

कायदेकानू (छत्रपती संभाजीनगर)
मूळ प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणीच दिलेले नाही, म्हणून लिहितो. मांजराकाठ, आपले एकही कागदपत्र कमी पडलेले नाही. आपण मागितलेली वस्तूच मिळण्यासारखी नाही. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 7.62 आणि .303 बोअरच्या, तसेच त्या मापाची लष्करी काडतुसे चालू शकतील अशा रायफली मनाई असलेल्या वर्गात आहेत, आणि 5.56 ची सेमी-ऑटोमॅटिक रायफलही त्यातच येते. यालाच बोलीत ‘पीबी’ (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात. त्याचा परवाना जिल्हा पातळीवर दिला जात नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे आणि सरावाची हौस हे त्यासाठी कारण ठरत नाही. परवान्याविना असे शस्त्र जवळ बाळगणे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 7 चा भंग आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे कारावास अशी आहे. पेन्सिलीचा तो गोल काढणाऱ्याने आपल्यावर उपकारच केले, फक्त दोन वाक्ये अधिक बोलायला हवी होती.

बारा-बोअर (परभणी)
सेमी-ऑटोमॅटिकला सरसकट मनाई आहे, हे मला मान्य नाही. माझ्या मामांकडे सरकारी कारखान्यातील .32 पिस्तूल आहे. ते प्रत्येक वेळी चाप ओढताच पुढची गोळी आपोआप घेते आणि त्याचा रीतसर परवाना आहे. शिवाय आपल्याकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी तुरीचा, हरभऱ्याचा जो नाश चालवला आहे तो पाहता, प्रश्नकर्त्याने पीकसंरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा अर्ज करावा. माझे काम त्यानेच झाले.

कायदेकानू (छत्रपती संभाजीनगर)
सरसकट मनाई आहे असे मी म्हटलेलेच नाही. .32 पिस्तूल बिनमनाईच्या वर्गात येते, कारण ते लष्करी काडतूस घेत नाही, त्यावरून 5.56 ची रायफल मिळेल असा अर्थ काढता येत नाही. राहिला पीकसंरक्षणाचा मुद्दा. त्याचा परवाना घेऊन कागदावर नेम धरणे हा परवान्याच्या कारणाशी खोटेपणा आहे आणि रोहीवर गोळी झाडायलाही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

तेरणा (धाराशिव)
आमचे चिरंजीव टेक्सासमध्ये नोकरीला असतात. तिथे ही एआर-15 दुकानात टांगलेली असते, एक अर्ज भरून घेतात, दुकानदार सरकारी यंत्रणेकडून पूर्वेतिहास तपासून घेतो आणि रायफल हातात देतो. मात्र चिरंजीव एच-1बी व्हिसावर असल्याने त्यांना शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद असल्याखेरीज ती घेता येत नाही, असे समजले. ग्रीन कार्ड असते तर प्रश्न नव्हता. माहितीसाठी लिहिले.

गोदातीर (नांदेड)
काका, प्रश्नकर्ते लातूरचे आहेत.

नेमधारी (जालना)
राखीवकाकांचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. परवान्याविना आजच सुरू करता येईल असा एकच मार्ग आहे आणि तो .22 नव्हे, एअर रायफलचा आहे. बोअर .177, म्हणजे 4.5 मिलिमीटर, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. हिला कमी लेखू नका. 10 मीटरच्या स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि साठ नेम सव्वा तासात, उभ्याने पूर्ण करायचे असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने नेम धरण्याच्या प्रकाराचे) कांस्यपदक जिंकले, तेही प्रत्येक गोळी हाताने भरून. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत सेमी-ऑटोमॅटिक चालतच नाही.

निवृत्त राखीव (हिंगोली)
एअर रायफलला धक्का नसतो, म्हणून मुलांना धीर येत नाही, एवढेच माझे म्हणणे. बाकी मान्य.

नेमधारी (जालना)
काका, धक्का नसल्यामुळेच चूक लपत नाही.

कायदेकानू (छत्रपती संभाजीनगर)
मांजराकाठ, पुढे .22 घ्यायची असल्यास केंद्र सरकारमान्य रायफल क्लबचे सदस्यत्व घ्या. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, पण अशा क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरलेली .22 किंवा एअर रायफल त्या मर्यादेतून वगळलेली आहे. त्यावरून आठवले, घरात अन्य कोणाच्या नावे शस्त्र आहे का?

मांजराकाठ (लातूर)
आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे, पण तिचा या प्रश्नाशी संबंध नाही. आजोबा जाऊन दोन वर्षे झाली. बंदूक माजघरातील कपाटात, त्यांच्या धोतरांखाली तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का उस्मानाबादचा असल्यामुळे ती इथे कोणी पाहील असे वाटले नाही. मी तिला हात लावलेला नाही.

कायदेकानू (छत्रपती संभाजीनगर)
रायफल बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा. परवानाधारक गेल्यावर त्याचा परवाना घरच्यांना लागू होत नाही. आज ती बंदूक आपल्या घरात विनापरवाना आहे. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. त्यानंतर शस्त्र नियमांतील नियम 25 खाली वारस म्हणून स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. इतर वारसांचे ना-हरकत पत्र तयार ठेवा. खरे तर परवानाधारकाने सत्तरी गाठली की त्याच्या हयातीतच हा बदल करता येतो, पण आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे हा विषय काढायचा कोणी?

गोदातीर (नांदेड)
उस्मानाबादच्या शिक्क्याचे कोडे सोपे आहे. लातूर जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला, परवाना त्याआधीचा असणार. नोंद कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात आहे, हे शेवटच्या नूतनीकरणाच्या शिक्क्यावरून कळेल. ते पान पाहून सांगा.

बारा-बोअर (परभणी)
दुनळी कोणत्या बनावटीची आहे? विकायची असल्यास कळवावे.

कायदेकानू (छत्रपती संभाजीनगर)
विकायची नाही. जमा करायची आहे.

मांजराकाठ (लातूर)
उशिराने उत्तर देत आहे, क्षमस्व. शेवटचे नूतनीकरण लातूरचेच निघाले. परवा वडिलांना आणि मृत्यूच्या दाखल्याला सोबत घेऊन ठाण्यात गेलो. बंदूक नेण्याआधी फोन करून विचारले होते, त्यामुळे कोणी दचकले नाही. हवालदारांनी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही खाने रिकामे असल्याचे पाहिले, क्रमांक पुस्तिकेशी जुळवला आणि पावती दिली. ‘दोन वर्षे काय करत होता’ असे त्यांनी दोनदा विचारले. वडील दोन्ही वेळा गप्प राहिले. वारसाहक्काच्या अर्जासाठी आत्यांच्या सह्या घेणे चालू आहे.

नेमधारी, एअर रायफलबाबत विचारायचे होते. आमच्या डाळमिलच्या जुन्या गोदामात शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत टेपने 12 मीटर भरले. भिंत दगडी आहे. कागद सरळ भिंतीलाच चिकटवला तर चालेल का?

नेमधारी (जालना)
मुळीच नाही. शिशाचा छर्रा दगडावरून उलटा येतो. उतरत्या पत्र्याचा लोखंडी सापळा बनवून घ्या, त्याच्यापुढे कागद लावा आणि त्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. गोदामात हमालांची ये-जा असेल, तेव्हा नेम धरताना शटर आतून बंद असले पाहिजे, ही माझी एकमेव अट.

मांजराकाठ (लातूर)
हमाल दुपारी दोनपर्यंत असतात. शटरला आतून कडीच नाही, हे आपण लिहिल्यावर जाऊन पाहिले. सोमवारी वेल्डरला बोलावले आहे, सापळाही त्याच्याकडूनच करून घेतो.