‘उचित’ म्हणजे फुकट

विषय: खानापुरात मावशीसाठी वकील हवाय, घाई आहे

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या जेवणाच्या हिशेबात हा मेल घुसवतेय, रागावू नका. आपल्या मंडळाच्या या मेल-यादीवर निम्मे लोक बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे आहेत, म्हणून इथंच विचारते.

माझी मावशी, वय ७१, खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात एकटी राहते. मामा दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या महिन्यात मामेभाऊ तिच्याकडं कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. “आत्या, नुसती सही कर. आईसुद्धा म्हणते, माहेर तुटायला नको.” मावशीनं चहा दिला, कागद देवाच्या फडताळात ठेवला आणि चष्मा सापडत नाही म्हणून त्याला परत पाठवला. चष्मा गळ्यात होता.

पुढच्या आठवड्यात तहसीलची नोटीस आली, सगळी कानडीत. शेजारचा नववीतला पोरगा व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवत होता. आजोबांच्या नावच्या ४ एकर ११ गुंठ्यांवर मामेभावानं वारसा लावायची वर्दी म्हणजे अर्ज दिलाय, कुणाची तकरार असेल तर तीस दिवसांत कळवा, असं आहे. वर्दीत फक्त मामाच्या घरची नावं. मावशीचं नाही, इथं परदेशात असलेल्या माझ्या आईचंही नाही. तीसपैकी अठरा दिवस उलटलेत.

मावशी एका वकिलाकडं जाऊन आली. त्यांनी पहिल्यांदा तीस हजार आणा म्हणून सांगितलं. ती मला म्हणते, “तेवढे माझ्या लाकडांना ठेवलेत गं.” मी पाठवते म्हटलं तर फोन ठेवते. तिकडं फुकट किंवा कमी पैशात वकील मिळायची काही सोय आहे काय?

– खानापूरची भाची

*

विषय: पुन: खानापुरात मावशीसाठी वकील हवाय

ताई, तीस हजार म्हणजे काय मोठी गोष्ट? मंडळाच्या शंभर घरांनी थोडे थोडे काढले तर दोन दिवसांत जमतात. मी आजच वर्गणीची यादी फिरवतो. आणि कोल्हापूरला आता हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तिथं मराठी वकील चिक्कार. तिकडूनच एखादा तगडा माणूस धरूया की.

– खजिनदार

*

विषय: पुन: पुन: खानापुरात मावशीसाठी वकील हवाय

खजिनदारसाहेब, यादी फिरवू नका.

मी या यादीवरचा पाहुणा. धाकटी बहीण तुमच्या मंडळात आहे, तिनं मोदकाची पाककृती मागवायला मला जोडलं होतं ते तसंच राहिलं. बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, राहायला अनगोळ.

आधी कोल्हापूरचं सांगतो. जमीन जिथं, दावा तिथं. खानापूरच्या जमिनीचा दावा खानापूरच्या कोर्टात चालतो, तिथून वर बेळगाव जिल्हा न्यायालय आणि हायकोर्ट म्हणजे धारवाडचं खंडपीठ. ते २००८ ला सर्किट बेंच म्हणून आलं, २०१३ ला कायम झालं. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ पासून सुप्रीम कोर्टात लावलाय, त्याचं होईल ते होईल. मावशीचे बारा दिवस त्यासाठी थांबत नाहीत.

आता मुद्द्याचं. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कुणाला मिळतो ते लिहिलंय: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले, कामगार, पूर-दुष्काळात सापडलेले, ठरावीक उत्पन्नाच्या आतले. आणि स्त्रिया. स्त्रियांपुढं उत्पन्नाची अट नाही. विधवा असो, नवरा असो, चार एकर असो, चाळीस असो. ‘स्त्री’ एवढाच शब्द आहे. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ बायकांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्या ‘आम्ही काय भिकारी आहोत काय’ म्हणून येत नाहीत. तुमची मावशी त्यातली दिसते. तिला सांगा, हे दान नाही. सरकारी दवाखान्यात जातो तसंच.

जायचं कुठं? बेळगावला यायची गरज नाही. खानापूरच्या कोर्टातच तालुका समिती असते, तिथले वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. पाटी कानडीत असेल: ‘तालूकु कानूनु सेवेगळ समिति’. पोराला एवढं शोधायला सांगा. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथं लिहून घेतात. आधार कार्ड, नोटीस, जमिनीचा उतारा, एवढं पिशवीत असू दे. वकील समितीच्या पॅनेलवरचा, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या यादीतला मिळतो, त्याची फी प्राधिकरण देतं, कोर्ट फी आणि टंकलेखनाचा खर्चसुद्धा. त्यानं पक्षकाराकडून एक रुपया मागायचा नाही. मागितला तर तिथंच लेखी तक्रार करायची.

तहसीलदारांपुढच्या कामालाही ही मदत मिळते, फक्त कोर्टापुरती नसते. पण बारा दिवसांत समिती, अर्ज, वकील असं सगळं बसेलच याच्यावर विसंबू नका. तकरार अर्ज उद्याच द्या. तीन ओळी पुरे: मी अमक्याची मुलगी, मला वर्दीत वगळलंय, माझं व माझ्या बहिणीचं नाव लावल्याशिवाय फेरफार (उताऱ्यावरची नावं बदलायची नोंद) मंजूर करू नये. दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर बाकावर बसायचं. माझी अर्धी वकिली त्या बाकावर झालीय. तकरार आली की तहसीलदाराला वर्दी गुपचूप मंजूर करता येत नाही, चौकशी लावावी लागते.

आणि समजा नोंद झालीच, तरी आभाळ कोसळत नाही. उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, ते सरकारच्या वसुलीचं दप्तर. मालकीचा निवाडा दिवाणी कोर्ट करतं. पण नोंद झाली की मामेभाऊ जमीन विकायला मोकळा होतो, मग तिसरा माणूस मध्ये येतो आणि दहा वर्षं त्याच्यातच जातात. म्हणून आत्ताच अडवायचं.

मामेभाऊ कदाचित म्हणेल, आजोबा असतानाच तोंडी वाटणी झाली होती. सगळे तेच म्हणतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली बाप जिवंत असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी केलेली किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी असेल तर ती मोडत नाही. तोंडी वाटणीची थाप सहसा चालत नाही.

हक्कसोडपत्रावर सही नको, अंगठा नको, ‘नंतर बघू’सुद्धा नको. आणि तो देवाजवळचा कागद फाडू नका. असू दे.

– अनगोळचा वकील

*

विषय: पुन: पुन: पुन: खानापुरात मावशीसाठी वकील हवाय

वकीलसाहेब, कायदा छान सांगितला. आता निपाणीकडचा अनुभव ऐका. आमच्या काकूला असाच फुकटचा वकील मिळाला होता. पहिल्या तारखेला आला, दुसऱ्या तारखेला ज्युनिअर, तिसऱ्या तारखेला कुणीच नाही. काकू कोर्टाच्या आवारात शेंगा खात बसायची आणि पुढची तारीख घेऊन एसटीनं परत. वर्षभर. शेवटी तंबाखूचे पैसे आले तेव्हा खासगी वकील केला. फुकट ते पौष्टिक नसतं.

– निपाणीकर

*

विषय: पुन: पुन: पुन: पुन:

निपाणीकर, खोटं बोलत नाही तुम्ही. पॅनेलवर चांगलेही असतात, तारखा बुडवणारेही असतात. खासगीतही तसंच आहे, फक्त तिथं तीस हजार आधी जातात.

पण काकूनं वर्षभर शेंगा खायला नको होत्या. प्रत्येक समितीत या कामावर देखरेख ठेवायची व्यवस्था असते. दोनदा वकील आला नाही की तिथं अर्ज द्यायचा, वकील बदलून मिळतो. तोंडी सांगून काही होत नाही, आपल्याकडची माणसं तोंडीच सांगतात. आणि १५१०० हा नंबर फिरवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, तिथं तक्रारही सांगता येते.

दुसरी सोय: आमच्या टिळकवाडीतल्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजसारख्या कॉलेजांना विधी सहाय्य केंद्र चालवावं लागतं. पोरं केस लढवत नाहीत, पण कानडी कागद समजावून सांगतात, अर्ज लिहून देतात. आपल्या लोकांची अर्धी अडचण तीच आहे. कायद्याला कोण घाबरतो? घाबरतात लिपीला.

भाचीताई, तुमच्या आईंचं राहिलं. त्याही वारस, म्हणजे दाव्यात त्यांचं नाव येणारच. कायद्यात ‘स्त्री’ म्हटल्यावर त्यांनाही फुकट वकील मागता येईल, पण माझं मत विचाराल तर मागू नका. परदेशात राहून तालुक्याच्या समितीचा पैसा वापरणं बरं दिसत नाही. त्यांनी मावशीच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावं. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा नोटरी करून अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) घ्या. इकडं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात आणि ऐन साक्षीच्या वेळी कागद अडकतो. शिवाय मुखत्यारानं आईंच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष दिलेली चालत नाही, ती त्यांनाच द्यावी लागेल. हल्ली व्हिडिओवरून होते.

– अनगोळचा वकील

*

विषय: ‘उचित’ म्हणजे फुकट

मंडळी,

तकरार अर्ज सोमवारी दिला. पोचेचा शिक्का पुसट आलाय पण तारीख वाचता येते. पोरानं मला फोटो पाठवला, मी तो वकीलसाहेबांना पाठवला, त्यांनी नुसता अंगठा पाठवला. वकिलांचा अंगठा चालतो वाटतं.

बुधवारी मावशी खानापूर कोर्टात गेली. पोराची शाळा होती म्हणून त्याची आई बरोबर. कागद वहीच्या पुठ्ठ्यात घालून, वरून प्लॅस्टिकची पिशवी, मलप्रभेकडनं पाऊस येत होता. पाटी सापडली. खाली आणखी एक ओळ होती, पोराच्या आईनं वाचली: ‘उचित कानूनु नेरवु’. मावशी म्हणाली, “उचित मदत म्हणजे योग्य ती मदत की. पैसे किती ते कुठं लिहिलंय?” मग आतल्या बाईंनी सांगितलं, “आज्जी, कानडीत उचित म्हणजे फुकट.” मावशी मला रात्री हे तीनदा सांगून हसत होती. सत्तर वर्षं कानडी मुलखात राहून हा शब्द कळायला कोर्टात जावं लागलं म्हणे.

बाईंनीच अर्ज लिहिला. मावशी मराठीत सांगत होती, त्या कानडीत लिहीत होत्या, आणि प्रत्येक वाक्य मराठीत वाचून दाखवूनच पुढं जात होत्या. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. वकील नेमून मिळाला, तरुण आहे, पुढच्या बुधवारी बोलावलंय. मावशीनं विचारलंच, “तुम्ही तारखेला येता ना?” निपाणीकरांच्या काकूची गोष्ट मीच सांगितली होती.

खजिनदारकाका, तुम्ही रागावू नका. तिला पैसे नकोच होते. आता ती गावात सांगत फिरतेय की सरकारनं मला वकील दिलाय.

मामेभाऊ परवा येऊन गेला. म्हणाला, भांडण कशाला, लोकअदालतीत मिटवू. वकीलसाहेब, यावर काय?

आणि एक नवीन लचांड. फडताळात हक्कसोडीच्या खाली आजोबांच्या वडिलांचं खरेदीखत सापडलंय, १९३४ चं, मोडीत. तरुण वकील म्हणाले, मोडीचं मराठी, मग मराठीचं कानडी करून हवं.

– खानापूरची भाची

*

विषय: पुन: ‘उचित’ म्हणजे फुकट

लोकअदालतीला नाही म्हणू नका, पण घाईही नको. तिथं फी नाही, दाव्यात फी भरली असेल तर ती परत मिळते. मात्र तिथं झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो आणि त्याच्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा कागद आधी मावशीला मराठीत पूर्ण वाचून दाखवायचा, गुंठ्यासकट. ‘बहिणींना खुशीनं काही रक्कम’ असली मोघम ओळ असेल तर उठून यायचं.

१९३४ म्हणजे मुंबई इलाख्याचं दप्तर. ते जपा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. मोडी वाचणारा कुणी आहे काय यादीवर?

– अनगोळचा वकील

*

विषय: पुन: पुन: ‘उचित’ म्हणजे फुकट

मी वाचतो. निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केला होता, तंबाखूच्या अडतीच्या जुन्या वह्या वाचून हात बसलाय. स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवा, फ्लॅश मारू नका, शाई चमकते. मी देतो ते फक्त समजायला, कोर्टात द्यायचं भाषांतर अधिकृत माणसाकडनंच करून घ्या. पैसे नकोत. उचित.

– निपाणीकर