मनाली ते लेह, एकट्याने, रोड बाइकवर: जिस्पा ते सरचू एका दिवसात करावे का?

घाटवेडा_सातारा:
नमस्कार. येत्या ऑगस्टच्या अखेरीस मनाली ते लेह हा प्रवास मी रोड बाइकवर, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीच्या हलक्या सायकलवर, सोबत गाडी न घेता करणार आहे. माझे वय ४६ असून गेली सहा वर्षे यवतेश्वर आणि पसरणी हे घाट मी नियमित चढतो, त्यामुळे चढाची धास्ती नाही. रोहतांगवरूनच जायचे असल्याने मुक्काम मढी, सिस्सू, जिस्पा, सरचू, पांग, रुमत्से असे ठरवले आहेत आणि सातव्या दिवशी लेह गाठायचे आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या प्रीती मस्के यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर ५५ तास १३ मिनिटांत कापले होते. त्या मानाने सात दिवस मला ऐसपैस वाटतात. शंका एवढीच आहे की जिस्पा ते सरचू हे सुमारे ८५ किलोमीटर, मध्ये बारालाचा खिंड असताना, एका दिवसात करावेत का. शिवाय पुढे ५०/३४ दातांच्या चेनरिंग (पॅडलजवळची चाके), मागे ११-३० दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरचकत्या) आणि २८ मिलिमीटरचे टायर पुरतील का?

डॉक्टर_आणि_सायकलस्वार:
तुमच्या पायांबद्दल शंका नाही, पण यवतेश्वरचा सराव पाय आणि हृदय तयार करतो, विरळ हवेची सवय लावत नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाईच मुळी १,६४६ मीटरचे आहे. तुमच्या वाटेवरची टांगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा झाल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो हा समज चुकीचा आहे. उलट तो वेगाने वर पोहोचतो म्हणून अधिक सापडतो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आणि सरचू ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे तुम्ही एका रात्रीत दुप्पट उडी घेत आहात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही पहिली लक्षणे दिसली तर तिथेच थांबावे. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येणे ही लक्षणे दिसल्यास मात्र रात्र असली तरी खाली उतरावे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याची चव पार जाते, याने घाबरू नये.

जुना_कॅरियर:
डॉक्टरांनी ‘खाली उतरावे’ म्हटले आहे, आणि या रस्त्यावर नेमकी तिथेच मेख आहे. सरचू म्हणजे घमेल्याचा तळ. मागे बारालाचा सुमारे ४,९०० मीटरवर. पुढे गाटा लूप्सची २१ वळणे, नाकी ला आणि मग ५,००० मीटरहून उंच लाचुलुंग ला. आजारी माणसाला कुठल्याही बाजूने बाहेर पडायचे तर आधी वर चढावे लागते. पांगलाही तीच गत आहे.

मी हे भोगले आहे. जिस्पाहून एका दमात सरचू गाठले, डोके ठणकत होते म्हणून गोळी घेतली आणि स्वतःलाच शाबासकी देऊन झोपलो. झोप कसली? डोळा लागला की श्वास थांबायचा आणि दचकून जाग यायची. पहाटे दोन पावले टाकताना तंबूच्या दोरीला धरावे लागले, तेव्हा मनालीकडे निघालेल्या एका ट्रकचालकाने सायकल मालावर बांधून मला केलाँगला सोडले. मस्के यांच्या विक्रमाशी तुलना करू नका; त्यांच्या मदतीला माणसे आणि वाहने होती, तुम्ही एकटे असणार आहात.

म्हणून जिस्पाला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी सामान न घेता दीपक ताल या तळ्यापर्यंत चढून परत या. पुढचा मुक्काम पात्सिओ, त्यानंतरचा झिंगझिंगबार, आणि मगच बारालाचा. झिंगझिंगबारहून पहाटे निघण्याचा आणखी एक फायदा असा की रस्त्यावरून वाहणारे नाले रात्रीच्या थंडीने आटलेले असतात. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्याला लागते.

गिअरबद्दल: या रस्त्याचा चढ पसरणीपेक्षा फारसा तीव्र नाही, पण तो संपत नाही आणि वर तुमची ताकद बरीच कमी होते. मागे ३४ दातांची कॅसेट लावा. टायर फ्रेममध्ये बसतील तेवढे जाड, किमान ३२ मिलिमीटरचे घ्या, कारण डांबर संपून खडी कुठे लागेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, तेव्हा पोस्टपेड घ्या आणि तरीही वाटेत रेंज मिळेल असे धरून चालू नका. रोज संध्याकाळी तंबूवाल्याला दुसऱ्या दिवशीचा मुक्काम सांगून ठेवा.

घाटवेडा_सातारा:
दोघांचेही मनापासून आभार. परतीचे तिकीट चार दिवस पुढे ढकलले आहे. आता मढी, सिस्सू, जिस्पा दोन रात्री, पात्सिओ, झिंगझिंगबार, सरचू, पांग, रुमत्से, लेह असा बेत असून एक दिवस हातचा राखला आहे. एकच विचारायचे राहिले: पांगनंतरचे मोरे मैदान सुमारे ४० किलोमीटर सपाट आहे, तर तिथे वेळ भरून काढता येईल का?

जुना_कॅरियर:
सपाट आहे, पण ४,६०० मीटरच्या वर आहे आणि दुपारनंतर वारा असा सुटतो की सपाटीवरही चढाचा गिअर लावावा लागतो. पांगहून उजाडताच निघा आणि तो हातचा दिवस मैदानाच्या टोकाला असलेल्या डेब्रिंगच्या मुक्कामासाठी ठेवा, म्हणजे टांगलांग ला दुसऱ्या सकाळी, वारा पडलेला असताना चढता येईल. मात्र डेब्रिंग पांगपेक्षाही उंच आहे. पांगला रात्री डोके दुखले तर तिथे मुक्काम करू नका, मिळेल त्या गाडीत सायकल टाकून थेट रुमत्सेला उतरा.