‘रँडम क्रॅश’ला मराठीत काय लिहायचं?

मांजराकाठ (लातूर): मुलांसाठी जीसीसी (प्रोग्रामचा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) सोर्स कोडमधून बांधायची टिपणं मराठीत करतोय, एका वाक्यावर अडलोय. आमच्या लॅबमधल्या एका मशीनवर बिल्ड, म्हणजे हे बांधणं, कधी दहाव्या मिनिटाला पडायचा, कधी पाऊण तासानं. दर वेळी वेगळी फाइल, सिग्नल ११ (प्रोग्रामनं मेमरीत भलत्याच जागी हात घातल्याची खूण). पुन्हा ‘मेक’ (बिल्ड चालवायची आज्ञा) दिलं की तीच फाइल सरळ पार. मी ‘यादृच्छिक कोसळणे’ लिहिलं. गणिताच्या सरांनी खोडलं, म्हणाले तो संभाव्यतेतला शब्द आहे. मग काय लिहू?

गोदातीर (नांदेड): यदृच्छा म्हणजे न मागता, न ठरवता घडलेलं. गीतेतला यदृच्छालाभ तोच. गणितानं शब्द उचलला म्हणून तो गणिताचा होत नाही. तरी सोपा हवा असेल तर ‘अकस्मात’ घ्या.

पूर्णाथडी (परभणी): अकस्मात मुळीच नको. अ-कस्मात्, म्हणजे ‘कशामुळेही नाही’. इथं तर कारण असतंच, आणि ते शोधायलाच मुलांना शिकवायचंय. एकाच फाइलच्या एकाच ओळीवर पडत असेल तर बहुधा कंपायलरमधला बग. जागा बदलत असेल तर आधी हार्डवेअर बघायचं: रॅमची पट्टी, तापलेला प्रोसेसर, कमी पडणारा पॉवर सप्लाय. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या फाइली ताडून बघतं. एवढा ताण रोजच्या कामात मशीनवर येत नाही, म्हणून दुखणं तिथंच बाहेर पडतं.

मांजराकाठ: अगदी खरं. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला तेव्हा एक पट्टी खराब निघाली. ती काढल्यापासून एकदाही पडला नाही.

बालाघाट (बीड): आमचे आजोबा सांगायचे, बैल एकाच जागी अडला तर जमिनीत दगड बघा, दर तासाला वेगळीकडं बसकण मारली तर बैल बघा. माझा शब्द ‘जागा बदलून बसणे’. सर्व्हर बसला असं सगळेच म्हणतात.

गोदातीर: आवाज बसतो, धंदा बसतो. छापील टिपणात ‘कंपायलर बसला’ शोभत नाही. आणि ‘संकलक’ असताना कंपायलर कशाला?

पूर्णाथडी: संकलक म्हटलं की पोरांना सिनेमाचा आठवतो. शिवाय जीसीसी काय गोळा करतं? ते भाषा बदलतं.

गोदातीर: मूळ शब्द गोळा करण्याचाच आहे. १९५२च्या सुमारास संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचं ए-० हे सॉफ्टवेअर तयार सबरुटीन (कोडचे छोटे तुकडे) गोळा करून जोडायचं, म्हणून कंपायलर. संकलक त्या अर्थाला चोख बसतो.

बालाघाट: बघा, तुम्हीही ‘बसतो’च म्हणालात.

पूर्णाथडी: आणखी एक. ४ जीबी रॅमवर ‘मेक -जे ८’ (एका वेळी आठ कामं) दिलं आणि ‘किल्ड’ आलं, तर कंपायलर पडलेला नसतो. मेमरी संपली म्हणून कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, त्याला मारलेलं असतं. या दोन्हींना एकच क्रियापद वापरू नका, मुलं चुकीच्या ठिकाणी शोधत बसतील.

मांजराकाठ: हे टिपणात घालतोच. पण मूळ वाक्य? उद्या झेरॉक्सला द्यायचंय. आणि बैल दर तासाला बसायचा म्हणजे दर साठ मिनिटांनी?

बालाघाट: नाही हो, नांगराचा तास! घड्याळातल्याला आमच्या घरी घंटा म्हणतात.

गोदातीर: नांगराच्या रेघेला आमच्याकडं काकर म्हणतात. तास मी घड्याळातच ऐकलाय.

बालाघाट: काकर वेगळी. आमच्या रानात दोन्ही शब्द आहेत, सांगतो.