राइट बंधूंना जमलं ते लँग्लीला का नाही? (विज्ञान प्रदर्शनासाठी मदत हवी)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विमान हा विषय घेतलाय. पण थर्माकोलचं विमान रंगवून ठेवायचं नाही म्हणते, "विमान अडलं होतं कशामुळं ते दाखवायचंय." मी कॉमर्सवाली, माझी इथंच दांडी गुल. जिकडंतिकडं एकच वाचायला मिळतं, की हलकं आणि ताकदीचं इंजिन मिळालं आणि माणूस उडाला. पण लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाकडं तर राइट बंधूंपेक्षा दणकट इंजिन होतं, सरकारी पैसाही होता. तरी त्याचं विमान नदीत पडलं. मग सायकलच्या दुकानातल्या दोघा भावांना असं काय सापडलं? आणि ते घरी करून दाखवता येईल का? सांगलीत राहतो, बजेट बेताचं.

लेथवाला
ताई, पोरीनं प्रश्न नेमका धरलाय, तिला सांगा. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलं, वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जरा लांबण लागेल.

लँग्लीचं इंजिन ५२ अश्वशक्तीचं, राइटांचं १२. त्याला युद्धखात्यानं ५०,००० डॉलर दिलेले, यांचा सगळा खर्च हजाराच्या आत. तरी ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३, दोन्ही वेळा त्याचं यंत्र थेट पोटोमॅक नदीत. आणि नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकजवळ ऑर्व्हिल राइट १२ सेकंदांत १२० फूट उडाला. ताकदीचा प्रश्न असता तर हे उलटं झालं असतं.

खरी अडचण तोल आणि आकडे. तोलाचं थोडक्यात सांगतो. जर्मनीचा लिलिएन्थाल ग्लायडरला (बिनइंजिनाच्या विमानाला) लोंबकळून, अंग इकडंतिकडं झुकवून तोल सांभाळायचा. १८९६ ला त्यातच पडून गेला बिचारा. राइटांनी पंखच पिळायची सोय केली, एक बाजू वर, दुसरी खाली.

आता आकड्यांचं, माझ्या मते खरी गंमत इथं आहे. १९०१ चं त्यांचं ग्लायडर हिशेबाच्या तिसरा हिस्साच भार उचलत होतं. हिशेब केलेला लिलिएन्थालच्या कोष्टकावरून (पंख किती भार उचलेल त्याच्या), आणि त्यात वाऱ्याच्या दाबाचा एक गुणांक धरायचा, ०.००५. तो आला स्मीटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या १७५९ च्या पवनचक्कीवरच्या निबंधातून. जवळजवळ दीडशे वर्षं सगळे तोच डोळे झाकून वापरत होते. (आपल्याकडं अजून जुन्या ड्रॉइंगवरचं माप कोण तपासतं? असो.)

भावांनी आधी सायकलच्या हँडलपुढं एक चाक आडवं बसवलं, त्यावर एक सपाट पट्टी आणि एक छोटा वाकडा पंख लावला, आणि जोरात सायकल हाणली. चाक कुठल्या बाजूला फिरतं ते बघायचं. आकड्यांतच चूक आहे ही शंका पक्की झाल्यावर वाऱ्यात पंख तपासायला सहा फूट लांब, १६ इंच चौकोनी तोंडाची लाकडी पेटी केली (विंड टनेल), एका टोकाला पंखा. आणि आत जो मोजमापाचा काटा बसवला तो हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकचा!

त्या काट्याची अक्कल बघा. वरच्या दांडीवर पंखाचा नमुना उभा लावलेला, खालच्या दांडीवर वाऱ्याला छाती देऊन उभ्या चार पट्ट्या. वारा सुटला की पंख एका कडेला ओढतो, पट्ट्या विरोध करतात, आणि दोघांचं जिथं जमतं तिथं काटा थांबतो. तो कोन वाचायचा. वारा कमी झाला काय, वाढला काय, दोघांवर सारखाच, म्हणजे वेग मोजायची कटकटच गेली आणि स्मीटनचा गुणांकही लागत नाही. दोनेकशे नमुने तपासले त्यांनी. लिलिएन्थालचं कोष्टक बरंचसं बरोबर निघालं, चुकीचा होता तो स्मीटनवाला आकडा. खरा ०.००३३ च्या आसपास.

औदुंबर
आपले तळपदे विसरलात का? १८९५ ला मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं म्हणतात. यांच्या आठ वर्षं आधी!

लेथवाला
दादा, विसरलो नाही. पण त्या उड्डाणाची एक तरी मापाची नोंद दाखवा, मग बोलू. राइटांच्या वह्या आहेत, पेटीतले काटे आहेत.

वाडीकर
सायकलवरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचीही सुरुवात बेळगावात १८८८ ला सायकलच्या दुकानानंच, म्हणजे राइटांच्या डेटनमधल्या दुकानाच्या आधी. मग १९१० ला किर्लोस्करवाडी. आणि विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४० ला बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. पोस्टरवर एक कोपरा द्या त्यांना.

कृष्णाकाठची
वाडीकर, नक्की देऊ. काका, पेटी करायचं ठरलं! लेकीचा पुढचा प्रश्न: यंत्र तयार झाल्यावर तर सगळं सुरळीत झालं असेल ना?

लेथवाला
कुठलं सुरळीत! इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं केलं, अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचं, त्यात आठेक टक्के तांबं. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीत बेअरिंग धरलं आणि कास्टिंग फुटलं, नवीन यायला एप्रिल उजाडला. किटी हॉकला गेल्यावर विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवरची दातेरी चाकं ढिली व्हायला लागली. कितीही आवळा, पुन्हा ढिली. शेवटी सायकलचं टायर चिकटवायचं सिमेंट वितळवून आट्यांत ओतलं, तेव्हा बसली. मग पोकळ शाफ्टला चीर गेली, ऑर्व्हिल डेटनला जाऊन भरीव शाफ्ट घेऊन आला.

पेटीचं सांगतो. पंखा हवा ढकलणारा नको, मागच्या टोकाला ओढणारा लावा, नाहीतर आत भोवरे होतात. पुढच्या तोंडाला शीतपेयाच्या नळ्या दाटीनं भरा, वारा सरळ येतो. वरून काच किंवा जाड प्लॅस्टिक. आत एक सपाट पट्टी आणि एक वाकवलेली, दोन्ही एकाच क्षेत्रफळाच्या, हे विसरू नका. स्पोक कुठल्याही सायकलवाल्याकडं मिळतील, तुटके मागा, फुकट देतो. फिरत्या जागी शिलाई मशीनचं तेल थेंबभर. ग्रीस अजिबात नको, काटा अडकतो.