तिरुआच्या समुद्रावर आधी हक्क कोणाचा?

समीर_आगरवाडी:
तिरुआ ही चिलीच्या आराउको प्रांतातली जेमतेम १० हजार वस्तीची किनारी पालिका. बहुतेक लोक ‘मापुचे’ या मूळनिवासी समाजाचे, त्यातही समुद्रकाठच्या ‘लाफकेन्चे’ शाखेचे. चिलीतले पहिले मापुचे महापौर आदोल्फो मियाबुर १९९६ साली इथूनच निवडून आले. लाफकेन्चेंनी वर्षानुवर्षं झगडून २००८ मध्ये कायदा मिळवला: ज्या किनाऱ्यावर आणि पाण्यावर मूळनिवासींचा परंपरेने वावर आहे, त्याचा कारभार त्यांनी बघायचा. समुद्रात सॅल्मन मासे पाळणाऱ्या कंपन्यांना हा कायदा बदलून हवा आहे. माझ्या मते एक ओळही बदलू नये.

अनघा_के:
साफ असहमत. मूळनिवासींचा अर्ज दाखल झाला की त्याच जागेसाठीचे बाकीचे अर्ज थांबतात, आणि निकालाला वर्षं लागतात. तोवर बाकीच्यांनी काय करायचं? दक्षिणेत आयसेनमध्ये दोनच अर्जांत मिळून ६ लाख हेक्टरांहून जास्त समुद्र मागितला होता. विरोधात फक्त कंपन्या नव्हत्या, छोटे मच्छीमारही होते. त्यांचं पोट कोणी बघायचं?

समीर_आगरवाडी:
ते दोन्ही अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रादेशिक आयोगाने मतदान घेऊन फेटाळले, म्हणजे लगाम कायद्यातच आहे. शिवाय क्षेत्र मिळालं तरी समुद्राला कुलूप लागत नाही. कारभाराच्या आराखड्यात इतर मच्छीमारांनाही सामावून घेता येतं.

रानवाट:
जमिनीचं काय झालं तेही बघा. १९७४ च्या वनीकरण हुकुमाने लागवडीला सरकारी अनुदान दिलं आणि या भागातल्या टेकड्या पाइन-निलगिरीने भरून गेल्या. एवढ्या पावसाच्या मुलखात तिरुआच्या वाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं! डोंगर गेला, झरे आटले, आता समुद्रही मागताय? लाफकेन्चेंना तो नुसता मासळीपुरता नाही, तिथे त्यांचे विधी होतात, औषधी वनस्पती मिळतात. परवान्याच्या कागदावर याला रकानाच नसतो.

अनघा_के:
लागवडीबद्दल पूर्ण मान्य, तो अन्यायच आहे. पण त्याची भरपाई जमिनीच्या कायद्यातून व्हावी. माझा मुद्दा एवढाच की अर्जाला मुदत हवी.

समीर_आगरवाडी:
मुदत आहेच की! परंपरागत वापराचा अहवाल द्यायला मूळनिवासी विकास महामंडळाला कायद्याने १ महिना दिलाय. सरकारी खाती तो पाळत नाहीत. मग कायदा लाफकेन्चेंचा का बदलायचा? त्या खात्यांना माणसं द्या, पैसा द्या.